तेल्याचा जिवाणू पोहतो केव्हा आणि स्थिरावतो केव्हा?

सातारा जिल्ह्याच्या ईशान्येस वसलेला फलटण तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. नीरा उजव्या कालव्याचे पाणी ज्या शिवारांस लाभते तेथे उसाचे मळे दिसतात. परंतु कालव्यापासून दूर, महादेवाच्या डोंगररांगेकडे सरकत जाणाऱ्या हलक्या व मुरमाड जमिनींत ऊस परवडत नाही. अशा जमिनींस डाळिंबाने मोठा आधार दिला आहे. शेजारच्या माण व खटाव तालुक्यांची आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडीची कथाही हीच आहे. थोडे पाणी, ठिबकाची सोय आणि कष्टाची तयारी एवढ्या भांडवलावर या भागातील कित्येक कुटुंबांनी डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या.

या बागांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तेल्या रोग. डाळिंबाची लागवड केल्यापासून पहिला बहार धरेपर्यंत दोन ते तीन वर्षे जातात. तोवर खर्चच खर्च असतो. पुढे फळे पोसू लागावीत आणि ऐन वेळी त्यांच्या सालीवर काळे, तेलकट डाग उमटून ती तडकावीत, याहून कठीण प्रसंग बागायतदारावर येत नाही. तेल्यामुळे बहार हातचा गेला म्हणून बाग उपटून टाकणारे शेतकरी या पट्ट्यात थोडे नाहीत. म्हणून या रोगास कारण होणारा जिवाणू कसा वागतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी अशा जिवाणूंच्या शरीरात शिरून त्यांच्या हालचालींचे रहस्य बरेच उलगडले आहे. ते जाणून घेतल्यास बागेतील रोजच्या कामांमागील हेतू अधिक स्पष्ट होतो.

रोगाची ओळख

भारतात डाळिंबावरील या रोगाची नोंद प्रथम १९५२ साली दिल्ली येथे झाली. त्यानंतर बराच काळ तो किरकोळ मानला जात असे. सन २००० नंतरच्या दशकात मात्र महाराष्ट्र व कर्नाटकातील बागांत त्याने साथीचे रूप धारण केले. सोलापूर येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. तेल्यावरील संशोधन हे या केंद्राच्या प्रमुख कामांपैकी एक आहे.

रोगाची सुरुवात पानावरील बारीक, पाण्याने भिजल्यासारख्या ठिपक्यांनी होते. पान उजेडाकडे धरून पाहिल्यास हे ठिपके तेल सांडल्याप्रमाणे दिसतात. पुढे ते तपकिरी व काळे होतात आणि भोवती पिवळे वलय उमटते. फांदीच्या पेऱ्यांवर डाग पडले की फांदी तेथून मोडते. फळावरील डाग वाढून साल इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ या अक्षरांच्या आकारात तडकते. असे फळ बाजारात कोणी घेत नाही. ‘गणेश’ काय किंवा ‘भगवा’ काय, आपल्याकडील कोणताही प्रचलित वाण या रोगापासून मुक्त नाही.

रोगास कारण होणारा जिवाणू ‘झॅन्थोमोनास’ या कुळातील आहे. तो आकाराने काडीसारखा असून इतका सूक्ष्म असतो की, असे सुमारे हजार जिवाणू एकापुढे एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल. त्याच्या एका टोकास चाबकाच्या वादीसारखे एकच लांब शेपूट असते. शास्त्रीय भाषेत यास कशाभिका म्हणतात. याच शेपटाच्या साहाय्याने तो पाण्यात पोहतो.

शेपूट वळवळत नाही, फिरते

हे शेपूट माशाच्या शेपटीप्रमाणे डावीउजवीकडे हलत असावे, अशी समजूत पूर्वी होती. १९७३ व १९७४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिले की, ते आपल्या मुळाशी असलेल्या एका अतिसूक्ष्म यंत्राने गरगर फिरते. विहिरीवरच्या पंपाची मोटार विजेवर चालते, तर हे यंत्र जिवाणूच्या त्वचेतून आत शिरणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या ओघावर चालते. जिवाणूंची अशी यंत्रे सेकंदास शेकडो फेरे घेतात.

मनुष्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूवर याविषयी सर्वांत अधिक अभ्यास झालेला आहे. तो सेकंदास आपल्या लांबीच्या सुमारे दहापट अंतर कापतो. ऐकताना हा वेग मोठा वाटतो, परंतु मिलिमीटरच्या हिशेबात तो मिनिटास दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. या वेगाने सरळ रेषेत पोहणाऱ्या जिवाणूस पाच सेंटिमीटर लांबीचे पान ओलांडण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल, आणि तोही पानावर सलग पाणी असेल तरच.

यावरून दोन गोष्टी ध्यानी येतात. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जिवाणू स्वतःच्या बळावर जात नाही. त्यास पावसाचे उडणारे थेंब, वारा, कात्री, मजुरांचे हात किंवा रोगट कलम यांपैकी कोणी तरी वाहून न्यावे लागते. परंतु पानावर उतरल्यानंतर ओलाव्याच्या पातळ थरातून पर्णरंध्रापर्यंत किंवा एखाद्या जखमेपर्यंतचा अखेरचा प्रवास त्याला स्वतः करता येतो. हा प्रवास लहान असला तरी रोगाचे दार तेथेच उघडते.

दिशा दाखविणारा दूत

जिवाणूस डोळे नाहीत, नाक नाही. मग योग्य दिशा त्यास कशी सापडते? १८८० नंतरच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी केसासारख्या बारीक काचनळीत जिवाणूंना आवडणारे द्रव्य भरून ती त्यांच्या पाण्यात बुडविली. जिवाणू नळीच्या तोंडाशी गोळा झाले. अन्नद्रव्याकडे वळण्याचा गुण त्यांच्या अंगी आहे, हे यावरून सिद्ध झाले.

पुढे १९६० नंतर अमेरिकेत ज्युलियस ॲडलर यांनी या गुणाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यातून हळूहळू सर्व व्यवस्था उलगडत गेली. जिवाणूच्या अंगावर बाहेरची द्रव्ये ओळखणारे ग्राहक असतात. या ग्राहकांना खबर मिळाली की ती आत ‘चे-वाय’ नावाच्या एका प्रथिनाकडे जाते. हे प्रथिन म्हणजे आतला दूत होय. दूताच्या अंगावर फॉस्फेटचा शिक्का बसला की तो शेपटाच्या यंत्रास जाऊन चिकटतो आणि यंत्राच्या फिरण्याची दिशा पालटते. शिक्का पुसला गेला की यंत्र पुन्हा पूर्वीप्रमाणे फिरू लागते.

आतड्यातील जिवाणू साधारण एक सेकंद सरळ पोहतो, मग सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा वेळ गिरकी घेतो आणि पुन्हा कोणत्या तरी नव्या दिशेने निघतो. अन्नाकडे जात असेल तर शिक्का लागलेले दूत कमी होतात, गिरक्या लांबतात आणि सरळ पोहणे वाढते. अन्नापासून दूर जात असेल तर गिरक्या वाढतात. जिवाणूचे अंग एवढे लहान असते की, डोक्याकडे अन्न अधिक आहे की शेपटाकडे, हे ताडणे त्यास शक्य होत नाही. म्हणून तो आताची स्थिती क्षणापूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहतो. अंधारात हाताला लागणाऱ्या उबेवरून चुलीकडे सरकणाऱ्या माणसासारखी ही रीत आहे. झॅन्थोमोनास कुळातील जिवाणूंजवळही याच जातीची दूतव्यवस्था असते.

पोहावे की थांबावे?

वरील दूत फक्त दिशा ठरवितो. मुळात पोहावे की एका जागी चिकटून राहावे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. त्याचा निर्णय दुसराच एक रेणू करतो. त्याचे नाव सायक्लिक-डाय-जीएमपी. नाव अवघड असले तरी त्याची रचना साधी आहे. प्रत्येक सजीव पेशीत आढळणाऱ्या एका द्रव्याचे दोन अंश एकमेकांस जोडून कड्यासारखी गोल रचना केली की हा रेणू तयार होतो.

त्याचा शोध १९८७ साली जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठात मोशे बेन्झिमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. ते शिरक्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचा अभ्यास करीत होते. हा जिवाणू कापसाच्या धाग्यात असते तेच सेल्युलोज तयार करतो. हे सेल्युलोज केव्हा तयार करावे, याचा हुकूम देणारा रेणू त्यांच्या हाती लागला. त्या वेळी तो एका जिवाणूची खासियत समजला गेला. पुढे असे दिसून आले की, असंख्य जातींचे जिवाणू याच रेणूच्या साहाय्याने आपले राहणीमान बदलतात.

पेशीत या रेणूचे प्रमाण वाढले की शेपटाचे काम मंदावते आणि जिवाणू पृष्ठभागास चिकटून राहू लागतो. प्रमाण घटले की शेपूट कामास लागते आणि जिवाणू मोकळा होऊन पोहू लागतो. हा रेणू तयार करणारी विकरे पेशीत असतात, तद्वतच तो तोडणारी विकरेही असतात. एकाने भरावे व दुसऱ्याने उपसावे अशी ही विहीर आहे. तिच्यातील पाण्याच्या पातळीवर जिवाणूचे वागणे अवलंबून असते. बैलाचा कासरा ओढला की बैल थांबतो आणि सैल सोडला की चालू लागतो, तसाच हा आतला कासरा समजावा.

गर्दीची दवंडी

आता प्रश्न असा की, हा कासरा सैल कधी होतो? याचे उत्तर तेल्याच्या जिवाणूच्या एका जवळच्या आप्ताने दिले आहे. कोबी व फुलकोबीवर काळी कूज आणणारा जिवाणू याच झॅन्थोमोनास कुळातील आहे. आईस्क्रीम, चटण्या व अनेक खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी जो झॅन्थन नावाचा डिंक वापरतात, तो याच जिवाणूपासून काढतात. शेतात मात्र हाच डिंक जिवाणूंना एकमेकांस चिकटून राहण्यास उपयोगी पडतो.

१९९७ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथील शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, हा जिवाणू आपल्या शरीरातून एक स्निग्धाम्ल थोडे थोडे बाहेर सोडतो. एकटादुकटा जिवाणू असेल तर हे द्रव्य पाण्यात विरून जाते. एकाच जागी पुष्कळ जिवाणू जमले की मात्र ते भोवती साठते. गावात दवंडी पिटावी आणि ती प्रत्येक घरात ऐकू जावी, त्याप्रमाणे या साठलेल्या द्रव्यामुळे प्रत्येक जिवाणूस ‘आता आपली संख्या पुरेशी झाली’ अशी खबर मिळते.

ही खबर त्वचेवरील ग्राहकाकडून आत पोहोचताच सायक्लिक-डाय-जीएमपी तोडणारे विकर कामास लागते. रेणूचे प्रमाण घसरते आणि कासरा सैल होतो. जिवाणूंना एकत्र बांधून ठेवणारी चिकट जाळी सुटते, वनस्पतीच्या पेशींच्या भिंती विरघळविणारी द्रव्ये बाहेर पडू लागतात आणि जिवाणू नव्या जागेच्या शोधात निघतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हे स्निग्धाम्ल तयार करू न शकणारे जिवाणू द्रवात गुठळ्या करून राहिलेले आढळले. तेच द्रव्य बाहेरून मिसळताच गुठळ्या सुटल्या.

याच स्वरूपाचे काम भारतातही झाले आहे. भातावरील कडा करप्याचा जिवाणू हाही याच कुळातील. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविले की, दवंडीच्या द्रव्याशी निगडित जनुक निकामी केल्यास या जिवाणूची भातावर रोग पाडण्याची शक्ती क्षीण होते. दवंडी, आतला कासरा आणि रोग यांचा संबंध किती निकटचा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

यापासून बागायतदाराने काय शिकावे?

प्रयोगशाळेतील हे ज्ञान आणि फलटणच्या बागेतील काम यांत वाटते तेवढे अंतर नाही. डाळिंबाच्या बाबतीत जी शिफारस केली जाते तिचे मर्म या ज्ञानाच्या प्रकाशात पाहावे.

पहिली गोष्ट म्हणजे ओलावा. पोहण्यास पाणी लागते. पान कोरडे असेल तर शेपूट असून नसल्यासारखेच आहे. म्हणून डाळिंबास पाणी ठिबकानेच द्यावे. तुषार सिंचनाने किंवा फांद्या भिजतील अशा रीतीने देऊ नये. झाडांची छाटणी करून मध्यभागी हवा व ऊन खेळू द्यावे, म्हणजे पावसानंतर पाने लवकर वाळतात. लागवड करताना दोन झाडांतील अंतर कमी करण्याचा मोह आवरावा.

दुसरी गोष्ट म्हणजे बहाराची निवड. मृग बहार धरल्यास कोवळी पालवी, फुले आणि लहान फळे नेमकी पावसाळ्याच्या उष्ण व दमट हवेत सापडतात. तेल्याचा उपद्रव असलेल्या बागेत मृग बहार टाळणे श्रेयस्कर. त्याऐवजी हस्त बहार धरल्यास फळांची वाढ हिवाळ्याच्या कोरड्या हवेत होते. फलटण भागात परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराने येतो. तेव्हा हस्त बहाराची पानगळ व छाटणी पाऊसमान पाहूनच ठरवावी. हिवाळ्यात बागेस पुरेल इतके पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात आहे की नाही, याचा हिशेब आधी करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तिचीच हेळसांड होते. रोगट डाग हा जिवाणूंचा गजबजलेला तळ आहे. तेथे गर्दी झाली की ते पुढच्या स्वारीस निघतात. म्हणून डाग लहान व थोडे असतानाच रोगट पाने, फळे व फांद्या काढून बागेबाहेर नेऊन जाळाव्यात. त्या बांधावर टाकू नयेत, उकिरड्यात मिसळू नयेत. गळून पडलेल्या पानांत हा जिवाणू काही महिने तग धरतो. बहार संपल्यानंतर बागेस विश्रांती द्यावी आणि त्या काळात जमिनीवरील सर्व पालापाचोळा झाडून वेचून घ्यावा. आठवड्यातून एकदा बागेतून सावकाश फिरून प्रत्येक झाड पाहण्याचा नेम ठेवावा. एका झाडावर चार डाग असताना केलेले काम अर्ध्या तासाचे असते. तेच महिनाभर लांबविले तर संपूर्ण बाग पणास लागते.

चौथी गोष्ट फवारणीची. मोरचुदातील तांबे जिवाणूस मारक आहे. परंतु ते पानाच्या पृष्ठभागावर असलेल्या उघड्या जिवाणूपर्यंतच पोहोचते. पानाच्या आत शिरलेला किंवा चिकट जाळीच्या आश्रयास बसलेला जिवाणू त्यापासून बराचसा सुरक्षित राहतो. म्हणूनच बोर्डो मिश्रण हे रोग बरा करण्याचे औषध नसून रोग येऊ न देण्याचे कवच आहे. ते पाऊस येण्यापूर्वी पानावर असले पाहिजे. विश्रांतीच्या काळात १ टक्का बोर्डो मिश्रण वापरावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना निरनिराळ्या भांड्यांत विरघळवून एकूण १०० लिटर पाण्यात मिश्रण करावे. भांडी लाकडी किंवा प्लॅस्टिकची असावीत, लोखंडी नसावीत. तयार मिश्रणात लोखंडी सुरीचे स्वच्छ पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढल्यास चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. फुले व फळे असताना प्रमाण व फवारणीची वेळ सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या किंवा सोलापूर केंद्राच्या शिफारशीप्रमाणे ठरवावी. प्रतिजैविकांचा मनमानी वापर तर कटाक्षाने टाळावा. अशा वापराने औषधास दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे उरतात आणि पुढील वर्षी तेच बागेचे धनी होतात.

पाचवी गोष्ट वाहतुकीची. जिवाणू स्वतः फार लांब जाऊ शकत नाही, माणूस त्यास नेतो. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावी. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. रोगट बागेतील काम शेवटी करावे व पाने ओली असताना बागेत काम करू नये. नवीन लागवडीसाठी कलमे खात्रीच्या, रोगमुक्त मातृवृक्षांपासूनच घ्यावीत. स्वस्त मिळाले म्हणून आणलेले एक रोगट रोप दहा वर्षांच्या बागेचा घात करू शकते.

मित्र जिवाणूंचाही तोच नियम

हा आतला कासरा केवळ शत्रूच्या अंगी असतो असे नव्हे. फलटणच्या रब्बी हंगामात हरभऱ्याच्या बियाण्यास जे रायझोबियम संवर्धक चोळतात, त्यातील जिवाणूही मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढीत मुळाकडे जातात, तेथे चिकटतात आणि पुढे गाठी करून हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. पोहणे व स्थिरावणे यांचा मेळ त्यांनाही साधावा लागतो आणि त्यासाठी जमिनीत ओल लागते. म्हणून संवर्धक लावलेले बियाणे सावलीत सुकवून लगेच, पुरेशा वाफशावर पेरावे. कोरड्या व तापलेल्या मातीत टाकलेले संवर्धक मुळापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नष्ट होते. शत्रूस पाणी नाकारावयाचे आणि मित्रास ओल द्यावयाची, असा हा सरळ व्यवहार आहे.

दवंडीचे द्रव्य निष्प्रभ करून किंवा आतला कासरा ताणलेलाच ठेवून जिवाणूंना रोग पाडण्यापासून परावृत्त करता येईल काय, या दिशेने जगातील अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे. परंतु त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कोरडे पान, स्वच्छ जमीन, धुतलेली कात्री, निरोगी कलम आणि पावसापूर्वीची फवारणी ही पाच साधने आजही प्रत्येक बागायतदाराच्या हाती आहेत. या पाचांपैकी एकही पान कोरडे ठेवण्याइतके स्वस्त नाही आणि एकही बाग उपटण्याइतके महाग नाही. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी बागेतील शेवटचे रोगट पान उचलले गेले आहे की नाही, एवढे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.